सापळ्यांची छायाचित्रे : नाव नेमके, तर नोंद उपयोगी

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी कामगंध सापळे वापरले जातात. प्रति सापळा दररोज 8 पतंग सलग 3 दिवस आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली, असे मानून उपाययोजना केली जाते. या निकषात ‘सलग’ हा शब्द कळीचा आहे. मोजणीच्या वेळी काढलेले छायाचित्र कोणत्या सापळ्याचे आणि कोणत्या दिवसाचे, हेच सांगता आले नाही, तर फवारणीच्या निर्णयाचा आधार डळमळतो.

अडचण छायाचित्रे कमी असण्याची नसून त्यांच्या नावांची आहे. समजा, एका विस्तार कार्यकर्त्याकडे 20 शेतांतील प्रत्येकी 2 सापळे आहेत. 60 दिवसांत 2,400 छायाचित्रे जमतात. कॅमेऱ्याने दिलेल्या नावात बहुधा केवळ अनुक्रमांक असतो आणि दोन उपकरणांतील अनुक्रमांक सारखेही असू शकतात. प्रत्येक नाव हाताने बदलण्यास अर्धा मिनिट धरला, तरी 20 तास खर्ची पडतात आणि चुका होतात त्या वेगळ्याच. पायथनसारख्या भाषेत लिहिलेली वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली हेच काम अल्पावधीत करते. पायथन विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रथम नावाची रचना ठरवावी. ‘शेत07_सापळा2_2025-08-14’ अशा नावात शेत, सापळा आणि तारीख या तिन्ही बाबी येतात. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास फाइली आपोआप कालानुक्रमे लागतात. शेताचा क्रमांक 7 ऐवजी 07 लिहावा. अन्यथा अनेक प्रणालींमध्ये 10 हा क्रमांक 7 च्या आधी येतो. तारखेत तिरकी रेघ वापरू नये, कारण फाइलच्या नावात ती चालत नाही.

ही माहिती आज्ञावलीला दोन ठिकाणांहून मिळते. प्रत्येक सापळ्याची छायाचित्रे स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवल्यास फोल्डरच्या नावावरून शेत व सापळा कळतो. तारीख छायाचित्रातच साठवलेल्या एक्झिफ नोंदीतून ‘पिलो’ या पायथन लायब्ररीच्या साह्याने वाचता येते. मात्र त्यासाठी मोबाइलचे घड्याळ अचूक असावे. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून पाठविल्यास ही नोंद सहसा नाहीशी होते. म्हणून मूळ फाइल केबलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका नावांच्या टकरीचा. एकाच सापळ्याची एकाच दिवशी दोन छायाचित्रे काढली, तर दोन्हींचे नवे नाव एकच होते. अशा वेळी पायथनची नाव बदलण्याची नेहमीची आज्ञा विंडोजवर त्रुटी दाखवून थांबते. लिनक्सवर मात्र आधीची फाइल कोणतीही सूचना न देता पुसली जाते. म्हणून नावाच्या शेवटी 01, 02 असा क्रमांक जोडावा आणि ते नाव आधीच अस्तित्वात आहे का, हे आज्ञावलीने तपासावे.

पुढील क्रम पाळल्यास नुकसान टळते :

1. मूळ छायाचित्रांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी व काम दुसऱ्या प्रतीवर करावे.
2. पहिल्या वेळी आज्ञावलीने प्रत्यक्ष बदल न करता केवळ जुने व नवे नाव शेजारीशेजारी दाखवावे.
3. ही यादी डोळ्यांखालून घालावी. एक्झिफ तारीख नसलेली छायाचित्रे बाजूला काढावीत. त्यांची तारीख अंदाजाने टाकू नये.
4. जुन्या-नव्या नावांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये जतन करावी. चूक उमगल्यास तिच्या आधारे जुनी नावे परत आणता येतात.
5. त्यानंतरच नावे बदलावीत.

हीच पद्धत मृदा नमुने, पीक वाणांच्या चाचण्या किंवा रोगग्रस्त पानांच्या छायाचित्रांनाही लागू पडते. आज्ञावली एकदा लिहिली की पुढील हंगामातही ती उपयोगी पडते. मात्र चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या छायाचित्राला ती तितक्याच तत्परतेने चुकीचे नाव देते. त्यामुळे शेतातून परतल्यावर त्याच दिवशी छायाचित्रे योग्य फोल्डरमध्ये ठेवण्याची शिस्त कार्यकर्त्याने आणि शेतकऱ्याने स्वतःच पाळावी लागते.