न मोजता मोजणारा माणूस : फेलिक्स हाउसडॉर्फ

आज आपण गणितातल्या एका माणसाची गोष्ट ऐकू या.

बैठकीला आलेल्या बाया आणि टेबलावरची पासबुकं सारखीच आहेत का, हे आकडे न मोजताही कळतं. प्रत्येकीला एकेक पासबुक द्यायचं. कुणी रिकाम्या हाती राहिली नाही आणि पासबुकही उरलं नाही, की दोन्ही सारखे. मुलांच्या पुस्तकात 'संच' म्हणून जे येतं, त्याच्या मुळाशी अशा जोड्या आहेत. जर्मनीत गेओर्ग कँटर यांनी कधीच न संपणाऱ्या संख्यांच्याही जोड्या लावल्या. १ ला २, २ ला ४, ३ ला ६. म्हणजे सम संख्या सगळ्या मोजसंख्यांइतक्याच निघाल्या!

हा विचार पुढे नेला फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी. त्यांचा जन्म १८६८ साली ब्रेस्लाऊ शहरात, एका ज्यू व्यापारी घरात झाला. त्यांना संगीतकार व्हायचं होतं, पण शिकले गणित. 'पॉल माँग्रे' या टोपणनावानं त्यांनी कविता, नाटक आणि तत्त्वज्ञानही लिहिलं. १९१४ साली त्यांचं संचांवरचं मोठं पुस्तक आलं. ते त्यांनी कँटरना अर्पण केलं होतं. त्यात एक सोपा वाटणारा नियम आहे : दोन बिंदू वेगळे असतील, तर प्रत्येकाभोवती असं कुंपण घालता यावं की दोन्ही कुंपणं एकमेकांत शिरणार नाहीत. हा नियम पाळणाऱ्या रचनेला आज जगभर 'हाउसडॉर्फ अवकाश' म्हणतात.

१९२१ पासून ते बॉन विद्यापीठात शिकवत होते. १९३३ ला हिटलरचं राज्य आलं. १९३५ मध्ये हाउसडॉर्फ निवृत्त झाले. पुढे ज्यूंना ग्रंथालयाची दारंही बंद झाली. तेव्हा एरिख बेसेल-हागेन हे सहकारी त्यांना भेटायला जात आणि पुस्तकं आणून देत. हाउसडॉर्फ घरी बसून गणित करतच राहिले. १९३९ साली अमेरिकेला जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

जानेवारी १९४२ मध्ये हुकूम आला : घर सोडा, एंडेनिखच्या छावणीत या. तिथून पुढे काय होणार, हे त्यांना दिसत होतं. २६ जानेवारीला हाउसडॉर्फ, त्यांच्या पत्नी शार्लोट आणि मेहुणी एडिथ यांनी आपलं जीवन संपवलं.

त्यांची हस्तलिखितं मात्र वाचली. हान्स बॉनेट या अभ्यासकानं ती सांभाळली. त्या हजारो पानांतला काही भाग नंतर अभ्यासून छापला गेला. ज्या बॉनमध्ये त्यांना जगू दिलं नाही, तिथेच आज त्यांच्या नावाचं गणित केंद्र आहे.

मैत्रिणींनो, कोण आपलं आणि कोण परकं हे जन्मावरून ठरवलं, की त्या राज्यानं काय गमावलं ते या एका नावावरून कळतं. आपण ग्रंथालयातून पुस्तक आणून देणाऱ्या त्या सहकाऱ्यालाही लक्षात ठेवू या. तेवढं तर आपल्यापैकी कुणालाही करता येतं.