मासळीची संख्या, मासळीचा आकार आणि तापणारा समुद्र

खोताची वाडी ही गिरगावातील जुनी मत्स्यप्रेमी वस्ती. पाठारे प्रभू असोत की ईस्ट इंडियन, मासळीवाचून या मंडळींच्या स्वयंपाकघराचे चालत नाही. तेव्हा ‘मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, आणि मिळते ती बारकी’ ही तक्रार येथे कोणालाच नवी नाही. वस्तुतः या एका तक्रारीत दोन प्रश्न आहेत. मासे किती, हा एक. मासा केवढा, हा दुसरा. दोहोंचे उत्तर एकच असेल असे नाही.

प्रथम संख्येचा विचार करू. त्यासाठी गोरगरिबांची तारली घेऊ. तिचे मुख्य माहेर केरळ-कर्नाटकाचा किनारा. पावसाळ्यात तेथील वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते, खालचे थंड व सकस पाणी वर येते, त्यात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर तारली पोसते. हे चक्र बिघडले की तारलीही बिघडते. हिंदी महासागर १९५० पासून तापत आला आहे. त्या काळात तारली उत्तरेकडे, आपल्या कोकणपट्टीकडेही, अधिक सापडू लागली. उलट केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन मिळालेली तारली २०२१ साली अवघी साडेतीन हजार टनांवर आली. आधी पिलांची बेसुमार पकड आणि मागून २०१५ चा प्रखर ‘एल निनो’, असा हा दुहेरी आघात होता.

आता आकार. मासा थंड रक्ताचा. पाणी तापले की त्याच्या शरीराचा खर्च वाढतो, आणि उष्ण पाण्यात प्राणवायू मात्र कमी विरघळतो. म्हणून पुष्कळ जातींचे मासे लवकर वयात येतात आणि लहानच राहतात. अलास्कातील सॅमन माशांच्या सुमारे ६० वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात चिनूक सॅमनची लांबी १९९० पूर्वीच्या मानाने सुमारे ८ टक्क्यांनी घटलेली आढळली. हवामानाबरोबरच समुद्रात सॅमनची झालेली दाटी हेही कारण अभ्यासकांनी दाखविले. केरळातही २०२४ साली चांगल्या पावसानंतर तारली उदंड झाली. पण दाटीमुळे अन्न पुरेना आणि मासा १० सेंटीमीटरच्या आसपास खुंटला. मासे पुष्कळ, तरी बारके, हे असे घडते.

येथे कोणी म्हणेल, मग सारा दोष हवामानाचाच! आम्हाला तसे वाटत नाही. जाळे मोठा मासा आधी उचलते. लहानपणीच वयात येणारे मागे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. शिवाय मोठी मादी कितीतरी अधिक अंडी घालते. ती नाहीशी झाली, की एका वाईट हंगामाचा धक्काही त्या जातीला सोसत नाही.

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याची किमान लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे वितीहूनही कमी, ठरविली. समुद्र थंड करणे कोणा एका गावाच्या हाती नाही. पण याहून लहान पापलेट कोळणीच्या पाटीत दिसले तर ते न घेणे गिरगावकरांच्या हाती खास आहे. गिऱ्हाईक नसेल, तर ते पिलू पकडून आणण्यात कोणालाच लाभ उरणार नाही.