मनाचा शोध – भाग 6 : मन करते तरी काय?

मागच्या भागात आपण लाइपझिगला वुंट यांच्या प्रयोगशाळेत होतो. 1879 पासून तिथे मनाचे घटक सुटे करून मोजण्याचे काम चालले. त्यांचे शिष्य टिचेनर यांनी ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात नेले आणि 1898 साली दोन वाटांना नावेही दिली. मन कशाचे बनले आहे हे विचारणारा रचनावाद त्यांचा स्वतःचा. मन काय काम करते हे विचारणारा कार्यवाद समोरच्यांचा. आज आपण त्या समोरच्यांकडे जाऊ, आणि त्यांच्या मागोमाग अमरावतीला येऊ.

कार्यवादाच्या मुळाशी डार्विन आहे. 1859 नंतर जीवशास्त्र विचारू लागले, की अमुक अवयव टिकला तो कोणत्या उपयोगामुळे? मग जाणीव कशामुळे टिकली? विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथात हा प्रश्न मनापासून हाताळला. सवयीवरचे त्यातले प्रकरण आजही वाचावे असे आहे. हाताला काम बसले की लक्ष दुसरीकडे द्यायला मोकळे होते, हा सवयीचा फायदा. पण माणसाला जन्माच्या जागी जखडून ठेवते तीही सवयच. समाजाचे थर एकमेकांत मिसळू देत नाही तीही सवयच, असे जेम्स त्याच प्रकरणात लिहितात. तेही तक्रारीच्या सुरात नाही. समाज शाबूत राहतो तो यामुळेच, असे त्यांना वाटत होते. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

जॉन ड्युई यांचा 1896 मधला निबंध ही कार्यवादाची खरी पायाभरणी. उदाहरण साधे आहे: मूल मेणबत्तीच्या ज्योतीकडे हात नेते, भाजते, हात मागे घेते. तोवरचे स्पष्टीकरण असे, की आधी उजेडाची संवेदना, मग हात नेण्याची प्रतिक्रिया. आधी चटका, मग हात मागे. ड्युई म्हणाले, हे तुकडे तुम्ही पाडले आहेत. मूल पाहते तेव्हाच डोळे, मान, हात सगळे कामाला लागलेले असतात. आणि भाजल्यानंतर त्या ज्योतीचे दिसणेच बदलते. आता ती चटका देणारी ज्योत म्हणून दिसते.

अकोल्याच्या कापूस बाजारात एखादा मुरलेला ग्रेडर काम करताना पाहिला, की ड्युई काय म्हणतात ते कळते. तो गाडीतल्या वरच्या कापसाला हात लावत नाही. हात कोपरापर्यंत आत घालून मूठभर कापूस बाहेर काढतो, सरकीवरची रुई सोडवतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो, तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा ओढतो, तंतू सरळ होईपर्यंत. मग धाग्याची लांबी सांगतो. ओल किती, हे तर हात आत गेला तेव्हाच कळलेले असते. यात संवेदना कुठे संपली आणि कृती कुठे सुरू झाली? त्याचे ओढणे हेच पाहणे आहे.

ड्युई तेव्हा शिकागो विद्यापीठात होते. त्याच 1896 मध्ये त्यांनी तिथे प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढली. मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता शिकत. त्यांचे सहकारी जेम्स एंजेल यांनी 1906 च्या अध्यक्षीय भाषणात कार्यवादाची रीतसर मांडणी केली. तोवर ड्युई न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले होते. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे दाखल झाले आणि ड्युईंच्या वर्गांना बसले.

वऱ्हाडाशी गाठ पडते ती 1927 मध्ये. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन व्हायचे होते. मधल्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. मंदिराच्या दारात कोणी भिंत बांधली नव्हती. अडवत होती ती शेकडो वर्षे अंगवळणी पडलेली वागणूक. एकाने पायरीशी थांबायचे, दुसऱ्याने थांबवायचे, आणि दोघांनाही त्याचे कारण विचारावेसे वाटायचे नाही. विल्यम जेम्स ज्या सवयीला समाजाचा आधार म्हणत होते, ती दाराबाहेरच्या माणसाला कशी दिसते, हे अमरावतीत समोर आले.

1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा धागा उघड केला. जात ही मनाची अवस्था आहे, असे त्यांनी तिथे मांडले. ड्युईंना त्यांनी आपले गुरू म्हटले. नियम आणि तत्त्व यांतला जो फरक ते करतात तोही ड्युईंच्या विचारातूनच आलेला: नियम म्हणजे ठरल्याप्रमाणे करत राहणे, तत्त्व म्हणजे समोरच्या कृतीचा न्याय करण्याचे साधन. नुसता नियम पाळणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, म्हणून नियमांचा धर्म त्यांना नको होता. शिकागोच्या विचारवंतांनी कार्यवाद शाळेपर्यंत नेला. मला वाटते, त्याचा सर्वांत धारदार उपयोग बाबासाहेबांनी केला. एखादी सवय काय काम करते एवढे विचारून ते थांबले नाहीत. ती कोणासाठी काम करते आणि त्याची किंमत कोण मोजते, हेही त्यांनी विचारले.

पुढच्या भागात एंजेल यांचाच एक विद्यार्थी. जॉन वॉटसन यांनी 1903 मध्ये शिकागोत डॉक्टरेट मिळवली आणि दहा वर्षांनी जाहीर केले, की मानसशास्त्राला मनाची गरजच नाही.