बुलेटवाल्यांचा सर्फबोर्ड!

‘‘हा कुठल्या म्युझियममधून उचललास?’’

माझा नवा सर्फबोर्ड पाहून ऑफिसमधल्या मित्राची ही पहिली रिअ‍ॅक्शन. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. सहा फूट दहा इंच लांब, आमरसासारखा पिवळाधमक, मधोमध बारीक तपकिरी रेघ, गोलसर नाक. आणि उलटा केला तर शेपटाशी एकच एक मोठी फिन, माशाच्या परासारखी. थेट सत्तरच्या दशकातला माल वाटतो. पण आहे करकरीत नवा!

मी सिडनीत मॅन्लीला राहतो. सकाळी फेरी पकडून सर्क्युलर कीला ऑफिस, संध्याकाळी परत. लहानपणी समुद्र म्हणजे दिवेआगरला गुडघाभर पाण्यात उभं राहणं, एवढंच. पण मॅन्लीत राहून सर्फिंग करायचं नाही, म्हणजे पुण्यात राहून सिंहगड न चढण्यासारखंच. म्हणून आल्या आल्या एक सेकंडहँड बोर्ड घेतला. सहा फुटी, पातळ, टोकदार, तीन फिनचा. एकदम प्रो!

दोन वर्षं आपटलो, बॉस. अक्षरशः आपटलो. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला बायको म्हणाली, ‘‘एक तर नीट शीक, नाहीतर ते धूड बाल्कनीतून हलव. कपडे वाळत घालायला जागा नाही.’’ मी बोर्ड विकायची जाहिरात लिहायला घेतली होती. खोटं कशाला बोलू?

तीन फिनची गंमत

गंमत म्हणजे या सगळ्याचा इतिहास माझ्या घराच्या आसपासच घडलाय. हवाईच्या ड्यूक कहानामोकूने डिसेंबर १९१४ मध्ये शेजारच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर लाकडी फळीवर उभं राहून लोकांना वेड लावलं. त्या फळीला फिन नव्हतीच. बोर्डला पहिली फिन लावली टॉम ब्लेकने, १९३५ मध्ये, हवाईत. पुढे कित्येक वर्षं एका फिनचंच राज्य होतं. मग सत्तरच्या दशकाअखेरीस दोन फिनचे बोर्ड गाजले. पण इथून थोडं उत्तरेला असलेल्या नॅराबीनचा सायमन अँडरसन होता धिप्पाड. दोन फिनचा बोर्ड त्याच्या पायाखालून घसरायचा. त्याने १९८० मध्ये तीन फिनचा ‘थ्रस्टर’ बनवला, १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा मारली आणि स्पर्धांमधून सिंगल फिन जवळपास हद्दपारच झाली.

थ्रस्टरच्या बाजूच्या दोन फिन जराशा आत वळलेल्या असतात. बोर्ड डावी-उजवीकडे झपाझप दाबला की त्या पुढे रेटा देतात. यालाच पंपिंग म्हणतात. म्हणजे वेग तुम्ही स्वतः कमवायचा. मला ते जमत नव्हतं. लाटेवर उभा राहिलो रे राहिलो की माझी नुसती धडपड सुरू!

पडून पडून कळलेलं

ब्रूकव्हेलमध्ये साठच्या दशकात सिडनीतले मोठमोठे बोर्ड बनवणारे होते. तिथल्याच एका म्हाताऱ्या कारागिराकडे मित्र घेऊन गेला. त्याने उंची-वजन विचारलं आणि मग विचारलं, ‘‘पडतोस कधी? उठताना की उठल्यावर?’’ उठल्यावर, मी म्हणालो. ‘‘मग तुला घाई आहे,’’ एवढं बोलून तो मापं लिहायला लागला. असे तयार झाले साहेब.

या बोर्डची सगळ्यात रुंद जागा मधल्या रेषेच्या पुढे आहे. त्यामुळे हाताने वल्हवताना तो छान तरंगतो आणि लाट लवकर पकडतो. पुढचा तळ किंचित पोटासारखा फुगीर, मागे हलका व्ही. पहिल्याच दिवशी क्वीन्सक्लिफच्या टोकाला जुन्या सवयीने मागच्या पायाने शेपटाला लाथ घातली. फिनची पकड सुटली, शेपूट सर्रकन घसरलं आणि मी पाण्यात. तीन लाटा, तीन डुबक्या!

चौथ्या लाटेपर्यंत दंड भरून आले होते. उभा राहिलो आणि दमल्यामुळे काहीच केलं नाही. तर बोर्ड चाललाय की! लाटेच्या उतारावर तिरका, एका रेषेत. वळायचं म्हणून नुसता कलंडलो, तर कड पाण्यात रुतली आणि लांबच लांब गोल वळण मिळालं. बाबांची बुलेट आठवली. तीही वळणावर झटका दिलेला खपवून घेत नसे. आधीपासून हळूहळू झुकायचं, मग ती तुम्हाला व्यवस्थित घेऊन जायची.

मग हे सगळं नॉस्टॅल्जिया का?

माझं कसलं आलंय सत्तरचं दशक? आमच्या घरातलं ते दशक म्हणजे बेलबॉटममधले बाबा आणि रॉकेलच्या रांगा. इथल्या कॅफेंमध्ये भिंतीवर जुने बोर्ड टांगतात, ती आठवण काही माझी नाही. मला हा बोर्ड आवडतो कारण त्याच्यावर माझी धडपड चालत नाही.

आणि हो, तो जुना बोर्ड विकला. एकोणीस वर्षांचा पोरगा घेऊन गेला. पुढच्याच रविवारी त्याला त्याच लाटांवर बघितलं... काय उडत होता! बोर्डमध्ये खोट नव्हतीच. जरा लागलं मनाला, पण बरंही वाटलं.

लाट उभी आणि पोकळ असली की अजूनही मी काठावर बसून बघतो. तिथे माझ्या पिवळ्याचं काम नाही, आणि माझंही.

घ्यायचा विचार आहे?

लांबीवर कंजुषी करू नका. थोडा जास्त लांब आणि जाड बोर्ड नवशिक्याला सांभाळून घेतो.

फिन पुढे-मागे सरकवता येईल अशीच घ्या. पुढे सरकवली की बोर्ड चटकन वळतो, मागे नेली की सरळ आणि स्थिर धावतो.

आणि बाल्कनी मोजून घ्या. आमच्याकडे कपडे अजूनही हॉलमध्येच वाळतायत!