आधी कान, मग पुस्तक!

बी, ए, आर, एन ही चार अक्षरे सलग वाचा पाहू. 'बार्न' म्हणालात ना? स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ आहे 'मूल'. पण स्टॉकहोमचा रहिवासी तो जवळजवळ आपल्या 'बाण'सारखा उच्चारतो! 'र'पुढे 'न' आला, की दोन्ही मिळून 'ण' होतो. 'त' आला, तर 'ट' होतो. दक्षिण स्वीडनमध्ये मात्र 'र' घशातून उच्चारतात, म्हणून तेथे असे घडत नाही. हे पुस्तक वाचून कसे कळणार? त्यासाठी ऐकायलाच हवे.

ऐकण्यातही एक अडचण आहे. कॅनडातील जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखता येत होता. वर्षाची होईपर्यंत त्यांतील बहुतेकांची ती क्षमता ओसरली होती! कान रोजच्या भाषेपुरता घडत जातो. आपले 'ट' आणि 'ण' शाबूत आहेत. पण स्वीडिशमधील काही स्वर आपल्यालाही परकेच आहेत.

सुरांचेही तसेच. 'आन्देन' हा शब्द एका सुरात म्हटला तर 'ते बदक', दुसऱ्या सुरात म्हटला तर 'तो आत्मा'! लिहिताना दोन्ही अगदी सारखे.

मग ध्वनिपाठ काय करतात? आधी वाक्य ऐकवतात. मग प्रश्न विचारून थोडा वेळ गप्प बसतात. त्या अवधीत उत्तर तुम्ही मोठ्याने द्यायचे. नंतर योग्य उत्तर ऐकू येते. अमेरिकन भाषातज्ज्ञ पॉल पिम्स्लर यांनी 1967 साली यासाठी उजळणीचे एक वेळापत्रक सुचवले. नवा शब्द 5 सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग 25 सेकंदांनी, 2 मिनिटांनी, 10 मिनिटांनी, अशी अंतरे वाढवत न्यायची. शब्द विसरण्याच्या बेतात असताना आठवावा लागला, की तो अधिक पक्का होतो. पूर्वी हे पाठ ध्वनिफितींवर मिळत. आज ते मोबाइलवरही ऐकता येतात.

पण ध्वनिफितीला तुमची चूक ऐकू येत नाही, आणि तुम्हाला बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. म्हणून स्वतःचे उत्तर ध्वनिमुद्रित करा आणि मूळ उच्चाराशी ताडून पाहा.

आता एक प्रयोग. आरशासमोर 'ई' म्हणा. जीभ जागची न हलवता फक्त ओठ 'ऊ'सारखे गोल करा. हा जो विचित्र स्वर निघाला, तो स्वीडिशमधील एका स्वराच्या बराच जवळचा आहे! त्याच स्वरात 'नी' म्हणा. स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ होतो 'नवा'. पहिला नवा शब्द तर शिकलात!