मुलूख, शीव, क्षेत्र : प्रदेशवाचक शब्दांचे अर्थ

प्रदेश, मुलूख, प्रांत, खोरे, शीव, हद्द, क्षेत्र हे शब्द कोशात एकमेकांजवळ आढळतात. वापरात मात्र त्यांची सहसा अदलाबदल होत नाही. भूमीकडे कोण पाहत आहे, हे प्रत्येक शब्द सांगतो. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका घेऊ.

‘खोरे’ हा निसर्गाचा शब्द. नदी आणि तिच्या दोन्ही अंगांचे डोंगर मिळून खोरे होते. सह्याद्रीलगतच्या अशा खोऱ्यांना ‘मावळ’ म्हणत. मावळतीकडचा तो मावळ, अशी उपपत्ती सांगितली जाते. तेथील रहिवासी तो मावळा. पुढे हा शब्द शिवरायांच्या सैनिकाचा वाचक झाला. ‘प्रांत’ या शब्दाचा प्रवास याहून गमतीचा आहे. ‘प्रांत आले’ म्हणजे अधिकारी आले; ‘तो माझा प्रांत नव्हे’ असे म्हणताना तर भूमीचा संबंधच सुटतो.

‘मुलूख’ हा मूळ अरबी शब्द राज्यवाचक आहे. म्हणून मुलूख जिंकला जातो, त्यावर मुलुखगिरी होते. ‘मुलखावेगळा माणूस’ म्हणताना मात्र मुलूख म्हणजे सारी लोकरीत.

शीव गावाची असते. ती ओढा, झाड, दगड यांवरून ओळखली जाते. वऱ्हाड ती ओलांडताना नारळ फोडते. हद्द पोलीस ठाण्याची, नगरपालिकेची. हद्दीतून माणसाला घालवता येते, म्हणून ‘हद्दपार’.

‘क्षेत्र’ शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. संस्कृतात क्षेत्र म्हणजे शेत. मराठीत पंढरपूर हे क्षेत्र, साहित्य हेही क्षेत्र, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र म्हणजे निव्वळ मोजमाप. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट हे त्याचे प्रमुख नेते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. तिच्यात मुलूख नाही, क्षेत्रही नाही. कसणाऱ्याचा ‘जमीन’ हा शब्द आहे. सत्याग्रह 1924 पर्यंत चालला, तरी धरण झालेच. त्याच्या पाण्यावर सह्याद्रीखाली भिरा येथे मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली.

पाण्याखाली जाणाऱ्या अशा जमिनीला सरकारी मराठीत ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात. ‘बुडीत’ हे विशेषण ‘बुडणे’ या अकर्मक धातूचे आहे, ‘बुडवणे’चे नव्हे. अकर्मक क्रियेला कर्म नसते. येथे तर बुडवणारा कर्ताही उरत नाही. ‘बुडीत कर्ज’ या प्रयोगातही कोणी बुडवले हे सांगावे लागत नाही. गावशिवारातील घर, देऊळ, खाचर हे सारे एका मोजमापवाचक शब्दात मावते आणि ते जणू आपोआप बुडालेले असते.

स्वाध्याय : आपल्या गावाची शीव कोठे आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी सांगितलेल्या खुणा आणि नकाशावरील हद्द यांतील फरक दहा ओळींत लिहा.