कोंडाळ्याची खूण आणि उठावाची नोंद

कोल्हापूर शहरात केरकचरा गोळा करून नेण्याच्या कामास ‘कचरा उठाव’ असे म्हणतात, आणि रस्त्याच्या कडेस ठेवलेल्या सार्वजनिक कचरापेटीस ‘कोंडाळे’. दोन्ही शब्दांचा अर्थ मराठीत व्यापक आहे. बंडालाही उठाव म्हणतात, बाजारात मागणी असलेल्या मालालाही उठाव असतो. आणि माणसे घोळक्याने बसली की त्यांचेही कोंडाळे होते. नगरव्यवहारात मात्र पहिला शब्द एका विशिष्ट क्रियेचा वाचक झाला आणि दुसरा एका विशिष्ट वस्तूचा. वस्तू आणि क्रिया यांतील हा भेद प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

कोल्हापुरात 1854 साली नगरपालिका स्थापन झाली. 1972 साली तिची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. एवढ्या वस्तीचा कचरा पेठापेठांतून उचलून कसबा बावड्याकडे न्यावयाचा, तर कार्यालयापुढे रोज एकच प्रश्न उभा राहतो : अमुक कोंडाळे आज रिकामे झाले की नाही? या प्रश्नाचे परंपरागत उत्तर म्हणजे मुकादमाची वही. त्या वहीच्या जागी यंत्राने आपोआप नोंद व्हावी, या हेतूने कचरापेट्यांना आणि गाड्यांना रेडिओ-खुणा लावण्याची पद्धत जगातील अनेक शहरांनी अवलंबिली आहे. या खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचे विवरण येथे करावयाचे आहे.

रेडिओ-खूण म्हणजे एक बारीकशी संगणकीय चकती आणि तिला जोडलेला धातूचा पातळ आकाशक. साध्या खुणेत विद्युत्‌घट नसतो. वाचक-यंत्र रेडिओ-लहरी सोडते. खुणेचा आकाशक त्या लहरींतून अल्पशी ऊर्जा घेतो आणि तेवढ्यावर चकती जागी होते. मग ती आलेली लहर कधी अधिक, तर कधी कमी परावर्तित करते. या चढउताराच्या क्रमात खुणेचा क्रमांक गुंफलेला असतो व वाचक-यंत्र तो उलगडून घेते. आरशाचा कवडसा हलवून दूरच्या माणसास खूण करावी, तसाच हा प्रकार होय : प्रकाश सूर्याचा, निरोप मात्र आरसा हलविणाराचा. परावर्तित शक्तीने संदेश पाठविण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी 1948 साली एका निबंधात मांडली. तिचा परिचय आज प्रत्येक मोटारचालकास आहे. कारण फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी सक्तीची झालेली फास्टॅगची पट्टी ही अशीच रेडिओ-खूण आहे. कोल्हापूरकरांस किणीच्या नाक्यावर तिचे कार्य पाहावयास मिळते.

खुणेचा क्रमांक सामान्यतः 96 द्विमान अंकांचा असतो. त्यातून होणाऱ्या निरनिराळ्या क्रमांकांची संख्या 29 आकडी भरते; म्हणजे कोंडाळ्यांना नावे अपुरी पडण्याचे भय नाही. अडचण आहे ती नाव ऐकू येण्याची. भारतात या कामासाठी प्रायः 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वापरतात. या लहरींची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर असून त्यांवर चालणारी खूण काही मीटर अंतरावरूनही वाचता येते. परंतु पाणी या लहरी शोषून घेते, आणि धातूच्या पृष्ठभागास खूण अगदी चिकटवून लावली तर तिचा आकाशक निकामी होतो. कोंडाळे लोखंडी आणि आतला कचरा ओला, ही तर नित्याचीच स्थिती. म्हणून लोखंडी पेटीसाठी खूण आणि पत्रा यांमध्ये अंतर राखणारी विशेष बांधणी करावी लागते. याउलट 125 ते 134 किलोहर्ट्‌झच्या लहरींना ओलावा फारसा बाधत नाही. पण त्यांची खूण अगदी जवळूनच वाचता येते.

दूरवर वाचता येणे हा वरवर गुण वाटतो. शिवाजी पेठेतील एखाद्या अरुंद बोळातून गाडी चालली आहे आणि तिच्यावरील वाचक-यंत्राचा पल्ला पाच मीटरचा आहे, असे समजा. बोळाच्या कडेचे कोंडाळे न उचलताही त्याचा क्रमांक वाचला जाईल, आणि कार्यालयातील पटलावर ते ‘उचलले’ म्हणून उमटेल. उलट, दुसऱ्या एका कोंडाळ्याची खूण धक्क्याने फुटली असेल, तर कामगारांनी ते पूर्ण रिकामे करूनही त्याची नोंद होणार नाही. पहिल्या प्रसंगी न झालेले काम झालेले ठरते. दुसऱ्या प्रसंगी झालेले काम बुडते, आणि त्या नोंदीवर दंड वा वेतनकपात अवलंबून असेल तर कामगाराची मजुरीही बुडते.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. खूण फक्त नाम उच्चारते. वाचक-यंत्र त्यास स्थळ आणि काळ जोडते. ‘कोंडाळे क्रमांक अमुक, राजारामपुरी, सकाळी सात वाजता’ एवढीच मूळ नोंद असते. तिच्यात क्रियापद नाही. ‘उचलले’ हे क्रियापद कार्यालय आपल्या पदरचे घालते, आणि छापील तक्त्यात मात्र ते यंत्राने सांगितल्यासारखे दिसते. तसेच ‘वाचले गेले नाही’ याचा अर्थ ‘उचलले गेले नाही’ असा होत नाही. पहिले विधान खुणेविषयी आहे, दुसरे माणसांविषयी.

क्रियापदासाठी स्वतंत्र पुरावा लागतो. कॉम्पॅक्टर गाडीच्या उचल-यंत्रावरच अल्प पल्ल्याचा वाचक बसविला, तर पेटी वर चढल्याखेरीज क्रमांक वाचला जात नाही. त्यास वजनकाटा जोडला, तर उचलतानाचे आणि खाली ठेवतानाचे वजन यांतील फरक हा कचरा निघाल्याचा खरा पुरावा होतो. उसाच्या भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन घेणाऱ्या कारखान्याच्या काट्याचे तत्त्व हेच. दक्षिण कोरियात 2013 पासून खरकट्यावर प्रमाणानुसार आकार घेतला जाऊ लागला. तेथील अनेक निवासी संकुलांत कुटुंबाची रेडिओ-खूण दाखविल्यावर पेटी उघडते आणि टाकलेल्या खरकट्याचे वजन होते. तेथे खूण कोणाचे ते सांगते आणि किती ते काटा सांगतो. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविलेले नाही.

आणखी एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. खूण वस्तूस लावणे निराळे आणि माणसास लावणे निराळे. 2020 च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर उपग्रहाच्या साहाय्याने स्थान नोंदविणारी घड्याळे होती. त्या योजनेचे तंत्र वेगळे असले तरी तर्कदोषाची शक्यता तीच : माणूस कोठे होता हे कळते, त्याने काय केले हे कळत नाही. कोंडाळे आपली बाजू मांडू शकत नाही, पण त्याचे वेतनही कापले जात नाही. कामगाराच्या बाबतीत नोंदीची चूक त्याच्या चुलीपर्यंत पोहोचते.

तात्पर्य, रेडिओ-खुणेचा उपयोग मोठा आहे. कोणती पेटी कोठे आहे, कोणती हरवली, कोणती बरेच दिवस वाचली गेली नाही, हे तिच्यामुळे झटपट कळते आणि तपासास दिशा मिळते. परंतु न वाचल्या गेलेल्या खुणेवरून प्रथम मुकादमाने जागेवर जाऊन पाहावे, तेथील स्थिती नोंदवावी आणि मगच जबाबदारी ठरवावी, हा क्रम कोणत्याही नगरपालिकेने सोडता कामा नये. खुणेची नोंद तपासाचा आरंभ आहे. तिलाच निवाडा मानले, तर उठाव कागदावर होईल आणि कचरा कोंडाळ्यात राहील.